नाण्यावरची चूक टांकसाळीची की नंतरची? दुसऱ्या बाजूला विचारून पाहण्याची रीत

शिमग्यानंतर पालखी देवळात परतली की सभामंडपात चादर अंथरून तिच्यावर पेटीतील नाणी ओतली जातात, आणि मोजणीला बसलेल्या मंडळींकडून दर वर्षी दोन-चार नाणी हमखास माझ्या हातात येतात. एकाची कड चावल्यासारखी तुटलेली असते, एकावरचे सिंह पुसट झालेले असतात, एखादे चपटे होऊन लांबट झालेले असते; आणि प्रत्येकाबरोबर येणारा प्रश्न एकच असतो, की ही टांकसाळीची चूक आहे काय आणि असल्यास तिचे किती पैसे येतील. अशी नाणी पाहत मला बरीच वर्षे झाली. त्यांतील बहुतेक नाणी चुकीची नसतात, ती खराब झालेली असतात. आणि काही, दुर्दैवाने, कोणीतरी मुद्दाम खराब केलेली असतात. तरीही मी एकही नाणे न पाहता परत करत नाही, कारण खरी चूकही याच ढिगातून निघते.

ही पारख करण्यासाठी मोठी विद्या लागत नाही, परंतु नाणे कसे तयार होते याचे चित्र डोळ्यांपुढे असावे लागते. धातूच्या लांब पट्टीतून प्रथम गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात, एका यंत्रातून फिरवून त्यांची कड थोडी उचलली जाते, आणि मग धुऊन चकाकी आणलेली चकती दाबयंत्रात जाते. तेथे वर एक ठसा, खाली एक ठसा आणि सभोवती पोलादी कडे अशा तिहेरी बंदोबस्तात ती सापडते आणि एका दणक्यात तिचे नाणे होते. कड्यामुळे नाण्याचा व्यास ठरतो आणि त्याच्या बाजूवर दाते किंवा खाचा उमटतात. म्हणजे चूक तीनच ठिकाणी होऊ शकते: चकतीत, ठशात किंवा प्रत्यक्ष छापताना. नाणे दाबयंत्रातून बाहेर पडल्यावर त्याला जे काही होते ते, कितीही विचित्र दिसले तरी, नुकसानच असते.

यातूनच मी एक रीत धरली आहे आणि या लेखात मुख्यतः तीच सांगायची आहे. छापताना दोन्ही ठसे एकाच क्षणी चकतीवर दाबले जातात, त्यामुळे खऱ्या चुकीची साक्ष सहसा दोन्ही बाजूंना मिळते. नुकसान मात्र बहुधा एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूला त्याची खबर नसते. म्हणून छाप्याकडे काही वेगळे दिसले की प्रथम काटा पाहावा, काट्याकडे दिसले की छापा पाहावा, आणि दोन्हींची साक्ष जुळते का ते ताडून घ्यावे.

हाताशी काय असावे

सराफ वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग, शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर आणि साधे लोहचुंबक एवढे पुरे आहे. पाचवी गोष्ट म्हणजे त्याच प्रकारचे एक चांगले नाणे. तुलनेला नाणे नसताना केलेली पारख मी स्वतः अर्धीच समजतो. उजेड एका बाजूने तिरपा यावा. सकाळच्या वेळी पडवीत बसून पूर्वेकडून येणाऱ्या उन्हात नाणे हळूहळू फिरवले तर ट्यूबलाइटखाली न दिसणारे ओरखडे आणि घासल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात.

वजनाचे काही आकडे पाठ असलेले बरे. १९९२ पासूनचे पोलादी १ रुपयाचे नाणे ४.८५ ग्रॅम वजनाचे आणि २५ मिलिमीटर व्यासाचे होते. २०११ च्या मालिकेत १ रुपया ३.७९ ग्रॅम आणि सुमारे २२ मिलिमीटर झाला, तर २ रुपयांचे नाणे ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर झाले. म्हणजे जुन्या रुपयाचे माप नव्या दोन रुपयांना मिळाले. १९८८ पासूनच्या पोलादी ५० पैशांचे मापही ३.७९ ग्रॅम आणि २२ मिलिमीटर होते, तेच पुढे रुपयाला आले. १९९२ पासूनचे तांबे-निकेलचे अकरा कोनी २ रुपये ६ ग्रॅमचे, त्याच धातूचे जाड ५ रुपये ९ ग्रॅमचे आणि २००९ मध्ये निघालेले पिवळे निकेल-पितळी ५ रुपये ६ ग्रॅमचे आहेत. २० रुपयांचे बारा कोनी नाणे ८.५४ ग्रॅम भरते. हे आकडे माहीत असले की चुकीच्या चकतीवर छापलेल्या नाण्याची परीक्षा एका मिनिटात होते: २०११ च्या मालिकेतल्या २ रुपयांची छाप असलेले नाणे लहान दिसत असेल, छाप कडेवरून कापली गेली असेल आणि वजन बरोबर ३.७९ ग्रॅमच्या आसपास भरत असेल, तर ते रुपयाच्या चकतीवर छापले गेले असण्याची शक्यता बळकट आहे. वजन ४.२ किंवा ४.४ असे मधलेच कुठले तरी येत असेल, तर नाणे कोणीतरी कानशीने घासले आहे असे समजावे, कारण त्या मालिकेत त्या वजनाची चकती नव्हतीच.

चुंबकाबाबत एक सावधगिरी हवी. आजची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात, तांबे-निकेलची, पितळी, कांस्य आणि ॲल्युमिनियमची चिकटत नाहीत. परंतु १९४६-४७ चा आणि १९५० च्या दशकातला निकेलचा रुपया चांगलाच चिकटतो, कारण शुद्ध निकेल चुंबकीय आहे. आजोबांच्या पेटीतला रुपया चुंबकाला चिकटला म्हणून तो लोखंडाचा बनावट ठरवून फेकून देऊ नये.

कापलेली कड

सर्वांत जास्त फसवणूक ज्या प्रकारात होते आणि ज्यात मी स्वतःही फसलो आहे, तो हा. पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापण्याचा साचा आधीच्या भोकावर अंशतः पडतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खाच राहते. पट्टीच्या टोकाशी असे झाले तर खाच सरळ किंवा खडबडीत होते. अशी चकती पुढे छापली गेली की कड कापलेले नाणे तयार होते.

पंधरा वर्षांपूर्वी एका जत्रेत मी असे ५ रुपयांचे नाणे सातशे रुपयांना घेतले. खाच सुबक होती, वजन कमी होते आणि विकणाऱ्याने ते कमी वजन स्वतःहून वजनकाट्यावर दाखवले होते. घरी आल्यावर भिंगाखाली पाहिले तेव्हा कळले की वजन कमी असणे ही काहीच खूण नव्हे, कारण मागाहून कापलेल्या नाण्याचेही वजन कमीच होणार. मी पाहायला हवे होते ते वेगळेच.

खरी खाच छापण्याच्या आधीची असते. दणका बसतो तेव्हा खाचेच्या बाजूला धातूला अडवायला कडे नसते, त्यामुळे धातू त्या मोकळ्या जागेकडे किंचित वाहतो. खाचेजवळची अक्षरे थोडी ताणलेली, खाचेकडे ओढल्यासारखी दिसतात आणि नाण्याची उंच कड खाचेच्या दोन्ही टोकांकडे येताना हळूहळू बसकी होत जाते. मागाहून कापलेल्या नाण्यात कड अगदी शेवटपर्यंत पूर्ण उंच असते आणि सुरीने केक कापावा तशी एकदम संपते. अक्षरही मधूनच कापले जाते, ताणले जात नाही. माझ्या नाण्यावर नेमके हेच होते. खाचेची भिंत पाहिली तर तिच्यावर कानशीच्या बारीक समांतर रेघा होत्या, आणि तिथला धातू बाकीच्या बाजूपेक्षा ताजा, चकचकीत दिसत होता.

आता दुसरी साक्ष. खाचेच्या बरोबर समोर, नाण्याच्या पलीकडच्या टोकाला कड पाहावी. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जात फिरते. खाच ज्या क्षणी यंत्राच्या एका बाजूला येते, त्या क्षणी समोरच्या बाजूवर दाब पडत नाही आणि तिथली कड अशक्त राहते. नाणेतज्ज्ञ याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. दोन्ही बाजूंना खाचेच्या समोरची कड पुसट किंवा अर्धवट दिसली, तर नाणे खरे असण्याच्या बाजूने हा फार मोठा पुरावा असतो. तो प्रत्येक खऱ्या नाण्यात दिसतोच असे नाही, म्हणून केवळ त्याच्या अभावावरून नाणे खोटे ठरवू नये. परंतु धातूचा प्रवाहही नाही आणि समोरची कडही भक्कम, असे असेल तर खिशातून पैसे काढू नयेत.

सरकलेली आणि पसरलेली छाप

चकती दोन ठशांच्या मधोमध न बसता एका बाजूला सरकली तर छाप अर्धवट पडते आणि उरलेल्या भागात कोरी चंद्रकोर राहते. येथे दुसरी बाजू फार स्पष्ट बोलते: कोरा भाग दोन्ही बाजूंना एकाच जागी असला पाहिजे. एका बाजूला कोरा भाग आणि त्याच्या पाठीमागे पूर्ण छाप असेल, तर ती बहुतेक वेळा घासलेली असते, आणि मग वजनही कमी भरते. खऱ्या सरकलेल्या छापेचे वजन पूर्ण असते, आकार मात्र गोल राहत नाही, कारण कड्याबाहेर राहिलेला धातू पसरतो.

कडे जागेवर नसताना छाप मधोमध पडली तर नाणे रुंद होते, बाजूचे दाते नाहीसे होतात आणि कड सपाट राहते. याच्याशी साम्य असलेले नाणे आपल्या भागात वारंवार सापडते, आणि त्याचे कारण कोकण रेल्वे. गाडी यायच्या आधी रुळावर नाणे ठेवण्याचा पोरकटपणा १९९८ नंतर आमच्याकडेही आला. तो धोक्याचा आहे आणि गुन्हाही आहे, परंतु त्यातून निघालेली चपटी नाणी वर्षानुवर्षे फिरत राहतात. वजनाने ती पकडता येत नाहीत, कारण धातू कमी होत नाही. ती अक्षरांवरून पकडावीत. कडे नसताना छापलेल्या नाण्यावर मधली छाप नेहमीसारखी टोकदार असते आणि अक्षरे ठशात जेवढी होती जवळजवळ तेवढीच उमटतात, कारण नाणे रुंद झाले तरी ठसा रुंद झालेला नसतो. चाकाखालून गेलेल्या नाण्यावर आधी छापलेली अक्षरेच ताणली जातात. आकडे एका दिशेला लांबट होतात, सिंह पुसट सावलीसारखे उरतात आणि नाणे लंबगोल होऊन बहुधा किंचित वाकते.

उलटी, खोलगट छाप

कधी छापलेले नाणे ठशालाच चिकटून राहते आणि त्याच्याखाली पुढची चकती येते. मग त्या चकतीच्या एका बाजूला खालच्या ठशाची नेहमीची उंच छाप पडते आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याची खोलगट, आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा उमटते. ही चूक दिसायला इतकी देखणी असते की तिची नक्कलही सर्वाधिक होते: दोन नाणी लोहाराच्या शेगड्यात म्हणजे व्हाइसमध्ये घट्ट आवळली की एकाची उलटी प्रतिमा दुसऱ्यावर बसते.

फरक ओळखण्यासाठी थोडा विचार करावा लागतो, पण एकदा समजला की विसरत नाही. समजा, वरच्या ठशाला चिकटलेल्या नाण्याचा छापा ठशात अडकला आहे; तर त्याचा बाहेर दिसणारा भाग काटा असणार. पुढच्या चकतीवर खालून काट्याचा ठसा बसेल आणि वरून काट्याचीच उलटी प्रतिमा बसेल. म्हणजे खऱ्या चुकीत दोन्ही बाजूंना एकच चित्र असते, एकीकडे उंच आणि सुलट, दुसरीकडे खोल आणि उलट. शेगड्यात आवळलेल्या नाण्यावर मात्र एका बाजूला छापा शाबूत असतो आणि दुसऱ्या बाजूला मूळचा काटा चेपलेल्या अवस्थेत उरलेला असतो, आणि त्यावरच दुसऱ्या नाण्याची छाप बसलेली दिसते. चेपलेल्या मूळ चित्राचा एवढासा अवशेष भिंगात सापडला तरी निकाल लागला.

दोन्हीकडे छापा किंवा दोन्हीकडे काटा असलेली जादूगाराची नाणी मी यात धरतच नाही. एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याचा अर्धा भाग बसवलेला असतो. कडेच्या आतल्या अंगाला गोल सांधा दिसतो, वजन चुकते आणि फरशीवर टाकल्यास आवाज बद्द येतो.

फिरलेला ठसा, आणि दोन धातूंच्या नाण्यातली लबाडी

नवशिक्याने सुरुवात करावी ती फिरलेल्या ठशाच्या नाण्यांपासून, असे माझे मत आहे. आपली आजची नाणी अशी छापतात की छापा सुलट धरून नाणे उभ्या अक्षाभोवती, म्हणजे पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवले, तर काटाही सुलट दिसतो. एखादा ठसा आपल्या जागी सैल होऊन फिरला तर काटा तिरका किंवा थेट उलटा दिसतो. अखंड धातूच्या नाण्यात ही चूक नकली करायची तर नाणे मधोमध चिरून पुन्हा जोडावे लागेल, आणि तो सांधा लपत नाही. चार-पाच अंशांच्या फरकाला मात्र कोणी विचारत नाही. निदान चतकोर फेरी तरी असावी.

हाच नियम १० आणि २० रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यांना डोळे मिटून लावू नये. त्यांतला मधला भाग ठोकून बाहेर काढता येतो आणि फिरवून किंवा उलटा करून पुन्हा दाबून बसवता येतो. छापताना दणक्याने मधला धातू पसरून बाहेरच्या कड्यात रुतलेला असतो, त्यामुळे खऱ्या नाण्याचा सांधा घट्ट आणि दोन्हीकडे सारखा दिसतो. पुन्हा बसवलेल्या नाण्यात सांध्याभोवती बारीक फट, ठोकल्याचे चट्टे किंवा मधला भाग किंचित खोल अथवा उंच दिसतो. नुसते भोक असलेले कडे कोणी ‘मधला भाग विसरलेले नाणे’ म्हणून आणले, तर भोकाची आतली भिंत पाहावी. मधला भाग नसतानाच छाप पडली असेल तर तिथला धातू मोकळ्या जागेत ओघळून काठ गोलसर झालेला असतो. मागाहून काढलेल्या नाण्यात भिंत उभी असते आणि तिच्यावर रुतल्याची खूण शिल्लक राहते.

बाकीचे प्रकार थोडक्यात

ठशात जे खोल असते ते नाण्यावर उंच येते, हे लक्षात ठेवले की बरेच प्रश्न सुटतात. ठशाला तडा गेला तर नाण्यावर वेडीवाकडी पण उंच रेघ येते, आणि ठशाचा टवका उडाला तर कडेशी धातूचा गोळा उमटतो. अशा गोळ्याच्या पाठीमागे, दुसऱ्या बाजूला, छाप बहुधा पुसट असते, कारण तिथला धातू पोकळी भरायला गेलेला असतो. उलट नाण्यावर ओढलेला ओरखडा खोल असतो आणि त्याच्या काठावर सरकलेल्या धातूची बारीक वरंबी दिसते.

ठशात वंगण किंवा कचरा भरला तर एखादा आकडा किंवा अक्षर उमटत नाही. वर्षातला आकडा नसलेली नाणी विकायला येतात ती बहुतेक घासलेली असतात. आकड्याच्या जागी खळगा, घासल्याच्या रेघा किंवा चकाकीतला खंड दिसतो. खऱ्या नाण्यात पृष्ठभागाची मूळ चकाकी अखंड असते आणि आकड्याची धूसर छाया बहुधा दिसते.

दुहेरी अक्षरांबाबत मी फार उत्साह दाखवत नाही. पोलादी नाण्यांवर दिसणारे दुहेरीपण बहुतांशी दणक्यानंतर ठसा किंचित घसरल्याने आलेले असते. ते पायरीसारखे सपाट असते आणि मूळ अक्षराची जाडी खाऊन तयार झालेले असते. ठशातच दोनदा कोरले गेले असेल तर दोन्ही अक्षरे गोलसर आणि भरीव असतात आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तेच दिसते. दुसरे तसेच नाणे मिळाल्याशिवाय मी या प्रकारावर शिक्कामोर्तब करत नाही.

आमच्या हवेने आणि हातांनी केलेले बदल

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काही गोष्टी अधिक लक्षात ठेवायला हव्यात. पुलावरून खाडीत टाकलेली नाणी ओहोटीच्या वेळी पुळणीवर सापडतात. वाळूने घासल्यामुळे त्यांची छाप दोन्ही बाजूंना सारखी गुळगुळीत झालेली असते, आणि येथे दोन्ही बाजूंच्या साक्षीचा माझा नियम फसवू शकतो. म्हणून वजन पाहावे. खाऱ्या पाण्यातील पिवळ्या ५ रुपयांच्या नाण्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि पृष्ठभागावर तांबे उरते. असे गुलाबी-तांबूस नाणे ‘तांब्याच्या चकतीवर छापलेले’ म्हणून मला तीनदा दाखवले गेले आहे. वजन ६ ग्रॅमहून थोडे कमी आणि पृष्ठभाग खरखरीत असेल, तर ती समुद्राची करामत आहे. दोन धातूंच्या नाण्यात खारट पाण्यामुळे एक धातू दुसऱ्याआधी झिजतो आणि सांध्याभोवती खाच पडते. तीही चूक नव्हे.

पोफळीच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणलेले असते. मोरचुदाच्या पाण्यात मीठ असेल आणि त्यात ॲल्युमिनियमचे नाणे पडले, तर त्यावर तांबूस थर चढतो. अशा रंगाचे षटकोनी २० पैशांचे नाणे वजनकाट्यावर ठेवावे: ॲल्युमिनियमचे २.२ ग्रॅम भरते, आणि त्याच आकाराचे खरोखर तांब्याचे असते तर तिपटीहून अधिक भरले असते.

देवळाच्या उंबरठ्यावर ठोकलेल्या नाण्यांना खिळ्याचे भोक असते, दागिन्यातून काढलेल्या रुपयाच्या कडेला डाख, म्हणजे धातूचा जोड, लावल्याची खूण असते, आणि आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्याने घासलेल्या तांब्याच्या पैशावर अनैसर्गिक गुलाबी तजेला असतो. घरात सापडलेले नाणे कशानेही घासू नये, कारण खरी चूक असली तरी तिचा पुरावा, म्हणजे पृष्ठभागाची मूळ चकाकी, त्याच वेळी निघून जाते.

जी मुळात चूकच नाही

१० रुपयांच्या नाण्यावर दहा रेघा आहेत की पंधरा, त्यावर रुपयाचे चिन्ह आहे की नाही, यावरून बाजारात बराच गोंधळ झाला होता. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोवर निघालेली १४ प्रकारची १० रुपयांची नाणी सर्व वैध आहेत. वर्षाच्या खाली हिऱ्यासारखी खूण असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. म्हणून ‘खूण विसरलेले नाणे’ असा प्रकार बहुतेक वेळा कोलकात्याचे साधे नाणे असते. २०१२ ची वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी स्मारक नाणी आहेत. त्यांत चूक कोणतीही नाही.

शिवराईच्या बाबतीत तर हा सगळा लेख बाजूला ठेवावा. हाताने ठोकलेल्या त्या तांब्याच्या नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे पूर्ण उमटणे हीच नवलाई असते. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे छाप सरकणे हा तेथे नियम आहे. याउलट १९४३ ते १९४७ या काळातल्या भोकाच्या पैशात सरकलेले भोक ही खरी चूक असू शकते, कारण भोक छापण्याच्या आधी पाडले जात असे. भोकच नसलेला पैसा कोणी दाखवला, तर मध्यभागी डाख भरून भोक बुजवले आहे का ते आधी भिंगाने पाहावे.

विकत घेताना आणि विकताना

फोटोवरून चुकीचे नाणे घेऊ नये. घ्यायचेच असेल तर दोन्ही बाजूंचे, बाजूच्या दात्यांचे आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचे फोटो मागावेत; विकणारा दुसऱ्या बाजूचा फोटो द्यायला टाळाटाळ करू लागला की माझे कुतूहल तिथेच संपते. नाण्यांची पारख करून दर्जा ठरवणाऱ्या परदेशी (ग्रेडिंग) संस्थांच्या सीलबंद डबीतील नाणे असेल, तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा, कारण डब्याही नकली मिळतात. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांविषयी बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. बँक असा व्यवहार करत नाही. स्वतः प्रयोग म्हणून चलनी नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे नाणे अधिनियम, २०११ नुसार निषिद्ध आहे. आणि पाया खणताना किंवा आंब्याची कलमे लावताना जमिनीत जुन्या नाण्यांचे गाडगे लागले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. त्यातल्या चुका शोधण्याचे काम नंतरचे.

पावसाळ्यात येथील दमट हवेत मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातली नाणी हिरवट चिकट होतात. म्हणून मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या चौकटीत ठेवून त्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि चौकटीवर वजन, व्यास, नाणे कोठे मिळाले आणि दोन्ही बाजूंना काय दिसले हे पेन्सिलीने लिहावे. माझ्याकडे अशा चौकटींचा एक वेगळा डबा आहे, ज्यावर ‘अनिर्णित’ असे लिहिले आहे. त्यात सध्या अकरा नाणी आहेत. त्यांतल्या एका २ रुपयांच्या नाण्याची खाच मला खरी वाटते, परंतु समोरची कड भक्कम आहे. गणपतीला मुंबईहून येणारा माझा एक नाणेसंग्राहक भाचा ते दर वर्षी भिंगाखाली धरतो आणि दर वर्षी आमचे दोघांचे मत वेगळे पडते.